श्रेय घोषणेचं, भीती फाईलची

ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात उद्योगमंत्री उदय सामंत यांनी एक श्वेतपत्रिका मांडली. वेदांता-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार येणार म्हणता म्हणता गुजरातला कसा गेला आणि त्याचं खापर कोणाच्या माथी फोडायचं, हा तिचा एक मुख्य विषय. आधीचे सत्ताधारी म्हणत होते यांनी घालवला, आताचे म्हणत होते त्यांनी घालवला. १ लाख ५४ हजार कोटींचा आकडा जवळजवळ वर्षभर दोन्ही बाजू एकमेकांच्या तोंडावर फेकत होत्या. गंमत अशी की ही श्वेतपत्रिका सभागृहात आली त्याच्या आधीच, १० जुलैला, फॉक्सकॉननं या भागीदारीतून अंग काढून घेतलं होतं. केंद्राची मंजुरी मिळालेली नव्हती, चिप बनवण्याचं तंत्रज्ञान देणारा पक्का भागीदार सापडलेला नव्हता. कारखाना तळेगावात नव्हता तसाच गुजरातमधल्या ढोलेरातही नव्हता. आपण जे गमावलं म्हणून भांडत होतो, ते ज्यांनी कमावलं म्हणून मिरवलं त्यांच्याही हाती लागलेलं नव्हतं.

याला मूर्खपणा म्हणून सोडून देता येईल, पण तो मूर्खपणा नव्हता. भांडणाऱ्या दोन्ही बाजू आपापल्या फायद्याचं अचूक गणित मांडत होत्या. राजकारण्याला अशा प्रकल्पातून जे हवं असतं ते सामंजस्य करारावर सही होते त्या दिवशीच पदरात पडतं: आकडा, फोटो, दुसऱ्या दिवशीचा मथळा. कारखान्यातून पहिली चिप बाहेर पडेल तेव्हा खुर्चीत कोण असेल हे कोणाला ठाऊक? त्यामुळे करार 'पळवला' जाणं हे खरं नुकसान ठरतं, आणि कारखाना उभाच न राहणं ही आतल्या पानावरची बातमी ठरते. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळ उपसमितीनं पनवेलजवळ तळोज्याला अदानी समूह आणि इस्रायलची टॉवर सेमीकंडक्टर यांच्या ८३,९४७ कोटींच्या प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला. दोन-अडीच महिन्यांवर विधानसभेची निवडणूक होती. २०२५ च्या उन्हाळ्यात अदानींनी ही बोलणी थांबवल्याची बातमी रॉयटर्सनं दिली. त्यावर कोणी श्वेतपत्रिका मागितल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. प्रकल्प शेजारच्या राज्यात गेला असता तर मागितली असती.

आपल्याकडे धोरणकर्त्यांचा स्वार्थ म्हटलं की डोळ्यांपुढे पाकीट येतं. टक्केवारी, टेंडर, मेहुण्याची कंपनी. ते आहेच, आणि त्यावर लिहिणारेही पुष्कळ आहेत. मला ज्या स्वार्थाबद्दल बोलायचंय तो कायद्यात बसणारा आहे, सरळ माणसांतही असतो, आणि इनोव्हेशनच्या धोरणाचं नुकसान तो पाकिटापेक्षा जास्त करतो असं माझं मत आहे. मंत्र्याला श्रेय हवं असतं. अधिकाऱ्याला चौकशीविना निवृत्ती हवी असते. खात्याला आपली तरतूद राखायची असते आणि संस्थेच्या संचालकाला पुढच्या अनुदानाची काळजी असते. यात गैर काहीच नाही. त्या खुर्चीत आपण असतो तर आपणही हेच केलं असतं. जेम्स बुकॅनन यांना १९८६ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या कामासाठी मिळालं त्याचा गाभा एवढाच आहे, की बाजारात स्वतःचं बघणारा माणूस सरकारी खुर्चीत बसला म्हणून संत होत नाही.

रस्ता, धरण किंवा शाळा बांधताना हा स्वार्थ बराचसा निभावून जातो, कारण रस्ता झाला की नाही हे गावाला दिसतं. नव्या तंत्रज्ञानाचं तसं नाही. घोषणा आणि निकाल यांच्यात दहा-पंधरा वर्षं जातात. बरेच प्रयोग फसणार हे धरूनच चालावं लागतं. आणि फसलेला प्रयोग नशिबानं फसला की नालायकीनं, हे बाहेरच्याला सहसा कळत नाही. श्रेय पहिल्या दिवशी वाटून होतं, जाब विचारला गेला तर शेवटी कधीतरी, आणि खरं काम ज्या काळात व्हायचं तो मधला सगळा काळ कोणाच्याच मालकीचा राहत नाही.

हे नीट पाहायचं तर 'आकाश' टॅब्लेटची गोष्ट आठवावी. तिची सुरुवात यंत्रापासून झाली नव्हती, किमतीपासून झाली होती. दहा डॉलरचा लॅपटॉप येतोय असा गाजावाजा होऊन फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपतीत एक उपकरण दाखवण्यात आलं. पाहायला गेलेल्यांना लॅपटॉप दिसलाच नाही. माहिती साठवायचं एक खोकं तेवढं दिसलं. पुढे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी जुलै २०१० मध्ये ३५ डॉलरच्या टॅब्लेटचा नमुना दाखवला आणि ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत 'आकाश'चं थाटात अनावरण झालं. सात इंची पडदा, तोही बोटानं दाबून चालणारा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि जेमतेम तीन तास टिकणारी बॅटरी. ज्यांनी तो हातात घेतला ते सांगतील: बोट दाबायचं, थांबायचं, आणि काही झालं नाही म्हणून पुन्हा दाबायला जावं तर दोन्ही दाबण्यांचा परिणाम एकदम व्हायचा.

आता यात कोणाचा काय स्वार्थ होता ते पाहा. मंत्र्यांना ३५ डॉलर हा आकडा हवा होता, कारण जगभरच्या वृत्तपत्रांत छापून येण्यासारखी गोष्ट तीच होती. निविदेत सगळ्यात खाली बोली लावणाऱ्या डेटाविंडला सरकारी मोहिमेचं नाव हवं होतं, बाजारातली महागडी आवृत्ती त्याच नावावर खपणार होती. प्रकल्प आधी होता आयआयटी राजस्थानकडे. तिथल्या चाचण्यांत टॅब्लेट टिकेना. कंपनी म्हणाली, या कसोट्या करारात नव्हत्याच, पाऊस आणि आपटणं सोसणारं यंत्र या किमतीत कुठून देऊ? दोघांचंही बरोबर होतं. किंमत घोषणेत आधीच ठरून गेली होती, आणि विद्यार्थ्यानं त्या यंत्रावर नेमकं काय शिकायचं हे कोणी ठरवलंच नव्हतं. मग प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला. पवईत प्रा. दीपक फाटक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला शिक्षकांच्या प्रशिक्षणाशी जोडायचा, त्यावर चालणारी ॲप्स लिहून घ्यायचा मनापासून खटाटोप केला. ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते 'आकाश-२' आलं, तेही पहिल्यापेक्षा बरंच चांगलं होतं.

पण तोवर सिब्बल यांच्याकडचं हे खातं गेलं होतं. नवे मंत्री पल्लम राजू २०१३ च्या मार्चमध्ये जाहीरपणे म्हणाले की हार्डवेअरचं फार वेड घेऊ नये. पक्ष तोच, पंतप्रधान तेच, खातं तेच. फक्त श्रेयाचा धनी बदलला. 'आकाश' पुढे नेलं असतं तर नाव सिब्बल यांचं होणार होतं आणि फसलं असतं तर बोल राजूंना लागणार होता. अशा व्यवहारात कोण पडेल? २०१४ मध्ये सरकारच बदललं आणि विषय मिटला. जगातला सर्वांत स्वस्त टॅब्लेट बनवण्याच्या नादात आपण काय शिकलो, चाचणीत कोणती गोष्ट कशामुळे फसली, एक लाख टॅब्लेट कोणाच्या हाती पडले आणि किती दिवस वापरात राहिले, याचा सरळ, जाहीर हिशोब कोणी मांडला नाही. तो मांडण्यात कोणाचाच फायदा नव्हता.

दुसऱ्याच्या योजनेला आपलं म्हणायचं नाही, हा आपल्याकडचा पक्षनिरपेक्ष नियम आहे. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. २०१० मध्ये सॅम पित्रोदा यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नवोन्मेष परिषद नेमली गेली आणि पुढचं दशक नवोन्मेषाचं असं जाहीर झालं. दशक संपेपर्यंत परिषद टिकली नाही. तिनं कल्पना मांडलेला, तळागाळातल्या गरजांवर काम करणाऱ्या उद्योगांना भांडवल देणारा निधी जानेवारी २०१४ मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केला आणि तो तिथेच विरला. २०१६ पासून अटल इनोव्हेशन मिशन आलं. शाळांतल्या त्याच्या टिंकरिंग लॅब ही मला स्वतःला आवडणारी कल्पना आहे, तिला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण तिच्याही नावात तिचं आयुष्य किती हे लिहून ठेवलंय. सरकार बदललं की पहिली गोष्ट पाटी उतरवण्याची, हे आपण सगळेच गृहीत धरून चालतो.

मंत्र्यांचा स्वार्थ निदान दिसतो तरी. अधिकाऱ्याचा दिसत नाही, कारण तो काही न करण्यात असतो.

एकदा एका सरकारी योजनेच्या निवड समितीवर बाहेरचा सदस्य म्हणून बसायची वेळ आली. योजनेचं नाव महत्त्वाचं नाही. प्रत्येक अर्जाला दहापैकी गुण द्यायचे होते, आणि तक्त्यात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की आठच्या वर किंवा चारच्या खाली गुण दिल्यास लेखी कारण द्यावं. दुपारच्या जेवणापर्यंत माझ्या लक्षात आलं की टेबलावरचे सगळे कागद सहा आणि सातनं भरलेत. जे अर्ज उघड उघड टाकाऊ होते त्यांना साडेपाच. एक अर्ज असा होता की तो वाचून दोन जण एकमेकांशी आवाज चढवून बोलले, त्यालाही सरासरी साडेसहाच पडली. पैसे मिळाले ते कोणालाच न खटकलेल्या अर्जांना. ते वाईट नव्हते. त्यांतले बरेचसे असे होते की ज्यांना बँकेनंही कर्ज दिलं असतं. समितीतल्या एकाही माणसानं बेइमानी केली नाही. तक्त्यानं ज्याची शिक्षा ठेवली होती ते सगळ्यांनी टाळलं, एवढंच. ज्या कल्पनेवर जाणत्या माणसांचं एकमत होत नाही तिथेच सरकारी पैशाची खरी गरज असते, आणि नेमकी तीच कल्पना सरासरीत मरते.

या भीतीला अधिकाऱ्यांचा भित्रेपणा म्हणणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ मध्ये २०१८ च्या दुरुस्तीपर्यंत अशी तरतूद होती, की पदावर असताना अधिकाऱ्यानं सार्वजनिक हित नसताना कोणाला आर्थिक लाभ मिळवून दिला तर तो गुन्हा. त्यानं स्वतः एक पैसा घेतला नसला तरीही. कोळसा खात्याचे माजी सचिव एच. सी. गुप्ता यांना खाणवाटपाच्या प्रकरणांत शिक्षा झाली तेव्हा त्यांच्या सचोटीबद्दल सहकारी अधिकारी उघडपणे बोलले; निकाल काय लागायचा तो लागला. २०१८ ला ते उपकलम गेलं. पण त्यानं एका पिढीला दिलेला धडा गेला नाही. फाईलवर 'मान्यतेस्तव सादर' लिहून वर पाठवायची, वरच्यानं 'वित्त विभागाचे अभिप्राय घ्यावेत' म्हणून बाजूला सरकवायची, आणि सगळ्यांचं होईपर्यंत मार्चअखेर यायचा. महाराष्ट्रात बदल्यांच्या २००५ च्या कायद्यानं सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षं ठरवलाय. तेवढाही सगळ्यांना मिळतो असं नाही. दहा वर्षांनी फळ येणाऱ्या झाडावर सही कोणी करायची, जर फळ येईल तेव्हा तुम्ही दुसऱ्याच खात्यात असाल आणि झाड वाळलं तर नोटीस मात्र तुमच्या घरच्या पत्त्यावर येणार असेल?

खरेदीतही हेच आहे. सगळ्यांत कमी किमतीची निविदा घ्यायची, म्हणजे एल-वन घ्यायचं, हा नियम चोरी रोखण्यासाठी आला आणि अधिकाऱ्यांचं चिलखत झाला. केंद्राच्या वित्त खात्यानं ऑक्टोबर २०२१ मध्ये गुणवत्तेलाही वजन देण्याची वाट मोकळी केली. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांच्या खरेदीचे नियम सैल केले, संचालक आणि कुलगुरूंना २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदा स्वतः मंजूर करायचा अधिकार दिला. दोन्ही निर्णय चांगले आहेत. पण अधिकार वापरणं ऐच्छिक असतं आणि एल-वन घेतल्याबद्दल कोणावरही चौकशी बसत नाही. त्यामुळे वाट मोकळी असूनही गर्दी जुन्याच रस्त्यावर दिसेल, असं मला वाटतं. आपल्या राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या २४ स्टार्टअपना सरकारी खात्यांसाठी प्रत्यक्ष काम करून दाखवायला १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश मिळू लागले. बक्षिसाच्या भल्यामोठ्या कागदी चेकपेक्षा हे शंभर पटीनं बरं. पण प्रयोग यशस्वी झाल्यावर तीच वस्तू नेहमीसाठी घ्यायची तर पुन्हा निविदा, पुन्हा तीन वर्षांच्या उलाढालीची अट, पुन्हा एल-वन. प्रयोगाचा फोटो होऊन गेलेला असतो. पुढची खरेदी ही जोखीम असते, आणि त्यात नवा फोटो नसतो.

तिसरा स्वार्थ कोणा एका माणसाचा नसतो, खात्याचा असतो. १९८६ मध्ये संसदेनं एक कायदा केला: परदेशातून तंत्रज्ञान विकत घेणाऱ्या कंपन्यांनी त्या रकमेवर ५ टक्क्यांपर्यंत उपकर द्यायचा, आणि तो पैसा देशात तंत्रज्ञान विकसित करायला वापरायचा. कल्पना सुंदर होती. त्यासाठी १९९६ मध्ये तंत्रज्ञान विकास मंडळ उभं राहिलं. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सच्या हिपॅटायटिस-बी लसीसारख्या कामांना या मंडळानं कर्ज दिलं. ती लस बाजारात आली आणि परदेशी लसींचे भाव कोसळले. म्हणजे मंडळाला निवड करता येत होती. अडचण वेगळीच होती. कॅगनं नंतर हिशोब काढला तेव्हा दिसलं की दोन दशकांत उपकरातून सुमारे ८ हजार कोटी रुपये जमले आणि त्यातला दहावा हिस्साही मंडळापर्यंत पोचला नाही. उरलेला भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारच्या सामाईक तिजोरीत, जिरला. कोणी चोरला नाही. वित्त मंत्रालयाचं मोजमाप वित्तीय तुटीवर होतं, वीस वर्षांनी येणाऱ्या लसीवर होत नाही. हातात आलेला पैसा सोडून तूट वाढवून दाखवायची त्यांना काय गरज? २०१७ मध्ये उपकरच रद्द झाला. एवढ्या मोठ्या गोष्टीवर ना मोर्चा निघाला ना सभात्याग झाला. जे पैसे मिळालेच नाहीत त्यांच्यावर हक्क सांगणारं कोणी नव्हतं, कारण ज्या कंपन्या त्यातून उभ्या राहिल्या असत्या त्या जन्मालाच आल्या नव्हत्या.

आणि जिथे पैसा लागत नाही तिथे आकडे कसे फुगतात तेही पाहावं. स्टार्टअप इंडियाची सुरुवात १६ जानेवारी २०१६ ची. नऊ वर्षांत मान्यताप्राप्त स्टार्टअपची संख्या १ लाख ५९ हजारांवर गेली, त्यांत महाराष्ट्र सगळ्यांत पुढे. मान्यता मिळते ऑनलाइन अर्जावर, फुकट. त्याच योजनेत नफ्यावर करमाफी मिळवायची तर आंतरमंत्रालयीन मंडळापुढे जावं लागतं. तिथून एप्रिल २०२५ पर्यंत पार झालेल्या कंपन्या सुमारे ३,७००. सगळ्यांनी अर्ज केले नव्हते आणि तोट्यातल्या कंपनीला करमाफी काय चाटायचीय, हे मान्य. तरी शंभरात दोन-तीन हे प्रमाण काहीतरी सांगतं. जिथे प्रमाणपत्र दिल्यानं कोणाचं काही जात नाही तिथे सरकार उदार आहे, जिथे सही करणाऱ्याला उद्या उत्तर द्यावं लागेल तिथे तेच सरकार कंजूष आहे. भाषणात येतो तो पहिला आकडा. राज्यांची स्टार्टअप क्रमवारी सुरू झाली तेव्हा गुण कशाला होते? धोरण आहे का, पोर्टल आहे का, नोडल अधिकारी नेमला का. झालं, सगळ्या राज्यांनी धोरणं केली, पोर्टलं काढली, अधिकारी नेमले. २०२५ च्या नव्या धोरणात महाराष्ट्रानं पाच वर्षांत ५० हजार स्टार्टअपचं उद्दिष्ट ठेवलंय. ते गाठलं जाईल याबद्दल मला शंका नाही. त्यातल्या किती कंपन्यांनी काही नवं बनवलं, हा प्रश्न उद्दिष्टात नाही.

इथे कोणी म्हणेल, मग सरकारनं यात पडूच नये, बाजार बघून घेईल. मला ते पटत नाही. भारताचा संशोधनावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के आहे, आणि त्यातला मोठा वाटा सरकारचाच आहे. खासगी उद्योगांनी हात आखडता घेतलेला आहे तो सरकारनं गर्दी केली म्हणून नाही. शिवाय सरकारनं केलेलं चांगलं काम पुण्यात आपल्या डोळ्यांसमोर आहे. अमेरिकेनं महासंगणकावर अटी घातल्या, म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक हे संगणक संशोधन केंद्र स्थापन झालं, विजय भटकर यांच्याकडे सूत्रं दिली, तीन वर्षांची मुदत दिली, आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. तिथली माणसं निःस्वार्थी होती म्हणून हे झालं, असं सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. मला तर उलट दिसतं. त्या माणसांचा स्वार्थ आणि यंत्राचं चालणं या दोन गोष्टी एकच होत्या. मुदत अशी होती की घोषणा करणारा आणि उत्तर देणारा माणूस एकच राहील. काम नेमकं होतं. यंत्र गणित सोडवतं की नाही हे पाहायला समिती लागत नव्हती. भटकरांचं नाव त्या यंत्राला बांधलेलं होतं, यंत्र बंद पडलं असतं तर नाव बुडालं असतं.

स्वार्थाला कामाला लावायचे इतरही मार्ग आहेत. इस्रायलनं १९९३ मध्ये योझ्मा नावाच्या योजनेत १० कोटी डॉलर बाजूला काढले. कंपन्या निवडायचं काम सरकारनं स्वतःकडे ठेवलंच नाही. परदेशी भागीदार आणणाऱ्या खासगी निधींत पैसे घातले आणि त्यांना सांगितलं, पाच वर्षांत हवं तर सरकारचा वाटा ठरल्या भावानं विकत घ्या. निवड चुकली तर निधीवाल्याचे स्वतःचे पैसे बुडणार, जमली तर सगळा फायदा त्याचा. काही वर्षांतच सरकार त्यातून बाहेर पडलं, आणि बाहेर पडणं हेच यश मानलं गेलं. आपल्या स्टार्टअप इंडियातला, लघुउद्योगांना वित्तपुरवठा करणाऱ्या सिडबीकडचा १० हजार कोटींचा निधी याच वाटेनं जातो, आणि सगळ्या योजनेत मला तोच भाग सर्वांत भरवशाचा वाटतो. त्याची बातमी क्वचित होते हा योगायोग नसावा, कारण त्यात कोणत्याही मंत्र्याला अमुक कंपनी माझी म्हणून सांगता येत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला मायक्रॉन या अमेरिकी चिप कंपनीचा साणंदचा प्रकल्प. २२,५१६ कोटींच्या खर्चात ५० टक्के केंद्र देणार, २० टक्के गुजरात. म्हणजे दहातले सात रुपये जनतेचे, आणि कारखाना चिपची जोडणी-चाचणी करणारा, चिप घडवणारा नव्हे. थेट नोकऱ्या ५,०००. भागाकार केला तर एका नोकरीमागे तीन कोटींच्या वर सरकारी पैसा पडतो. चिपचं मोल केवळ नोकऱ्यांत मोजू नये हे मला मान्य आहे. युद्ध झालं, तैवानचा पुरवठा तुटला तर काय, हा खरा प्रश्न आहे. पण मग मोजायचं कशात, हे आधी सांगायला हवं होतं. किती वर्षांनी, किती स्थानिक पुरवठादार, किती तंत्रज्ञान इथे राहिलं. तसं कोष्टक जाहीर झालं तर दहा वर्षांनी कोणीतरी ते उघडून बघेल, आणि ते आज कोणालाच सोयीचं नाही. राज्याराज्यांतल्या चढाओढीनं तर हे आणखी बिघडतं. जिंकणाऱ्या राज्याच्या तिजोरीतून जास्त जातं, आणि मुख्यमंत्र्यांच्या दृष्टीनं तो खर्च नसून पराक्रम असतो.

आता याहून मोठा पैसा दाराशी उभा आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी १ लाख कोटींच्या निधीला मंजुरी दिली, नोव्हेंबरमध्ये तो सुरू झाला. उद्योगांना लांब मुदतीचं, नाममात्र व्याजाचं भांडवल यातून मिळायचंय. पैसा थेट न वाटता दुसऱ्या पातळीवरच्या निधी व्यवस्थापकांमार्फत जाईल, ही रचना योग्य आहे, योझ्माचं वारं तिला लागलेलं दिसतं. पण वरची रचना पाहा. निधी अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानकडे, ज्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष पदसिद्ध पंतप्रधान. क्षेत्रं आणि व्यवस्थापक ठरवण्यात शब्द चालणार तो कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या सचिवगटाचा. ज्या निधीच्या शिखरावर देशातलं सर्वोच्च नाव आहे, त्यातलं एखादं कर्ज बुडालं हे खालच्या कोणत्या अवर सचिवानं लिहायचं? प्रश्न आजच्या पंतप्रधानांचा नाही. उद्या दुसऱ्या पक्षाचे असले तरी पेन तितकंच अडखळेल. असा निधी जिथे एकही कर्ज बुडत नाही, तो यशस्वी निधी नसतो. त्यानं एकतर जोखीमच घेतलेली नसते, किंवा बुडालेलं पुन्हा पुन्हा नवं करून दाखवलेलं असतं. आपल्या बँकांनी दहा वर्षांपूर्वी ते करून दाखवलंय.

निधी व्यवस्थापकांच्या पहिल्या यादीत तंत्रज्ञान विकास मंडळाचं नाव आहे, ज्याला आपल्याच उपकराचे पैसे कधी पुरते मिळाले नाहीत. तिथून सुरुवात करता येईल. मंडळानं आणि इतर व्यवस्थापकांनी प्रत्येक कर्जाबरोबर दोन गोष्टी त्याच दिवशी जाहीर कराव्यात: यात काय फसू शकतं, आणि फसलं की नाही हे कोणत्या साली, कोण बाहेरचा माणूस तपासेल. पाच वर्षांनी बुडीत कर्जांची यादी कारणांसह छापावी, आणि ज्या अधिकाऱ्यानं ती जोखीम आधी लिहून सही केली होती त्याला त्या कर्जापुरतं चौकशीतून संरक्षण असावं. जोखीम लपवली असेल त्याला मात्र नसावं. जो मंत्री घोषणा करेल त्याच्या खात्यानं मूल्यमापन करू नये. संसदेची लोकलेखा समिती हे वाचेल, कॅग वाचेल, आणि पत्रकारांनाही वाचायला मिळेल. ही अट आज घालणं सोपं आहे, कारण अजून कोणाचंच काही बुडालेलं नाही. पहिलं मोठं कर्ज बुडाल्यावर ती घालता येणार नाही, तोवर ते झाकून ठेवण्यात कोणाची तरी बढती, कोणाची तरी उमेदवारी आणि कोणत्या तरी खात्याची पुढची तरतूद अडकलेली असेल.